गाठ मारण्यापुरता थांबा

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळ. वडगाव, आमचा मागाचा कारखाना, माग बंद ठेवून. हजर: मी, म्हणजे सत्कार समितीची कार्यवाह; माझा धाकटा भाऊ, जो आता हे माग चालवतो; निवृत्त मास्तर, सत्काराची कल्पना ज्यांची; आणि गाणी रेकॉर्ड करणारा निपाणीचा माणूस. गैरहजर: ज्यांचा सत्कार ते अण्णा. "माझंच गाणं मी ऐकत बसू व्हय?" असा त्यांचा काकतीहून निरोप होता.

काम एकच होतं. अण्णांनी आपली निवडक गाणी नव्याने गायली होती. ती ऐकून पसंती द्यायची आणि सत्काराच्या दिवशी लोकांच्या हाती ठेवायची. शेवटचा होकार माझा.

पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि मी म्हटलं, "बंद करा."

अण्णा गाणी स्वतः रचतात, चाल स्वतःच लावतात. तरुणपणी ते आमच्याच गल्लीत मागावर होते आणि गाणी मागावरच तयार झाली. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर ओळ चालायची. धागा तुटला की माग हाताने थांबवावा लागायचा, अण्णाही ओळीच्या मध्येच थांबायचे, गाठ मारायचे, माग सुरू करायचे आणि राहिलेला शब्द उचलायचे. पुढे ते मंचावर गायला लागले, तरी तो थांबा त्यांनी सोडला नाही. ऐन ओळीत गप्प व्हायचे, दोन बोटं एकमेकांवर फिरवायचे, मग पुढे. शहापूर-वडगावची माणसं तेवढा वेळ श्वास रोखून बसत. परगावचे टाळ्या वाजवत, मग आमच्या बायका त्यांच्याकडे असं बघत की हात आपसूक मांडीवर जात.

नव्या रेकॉर्डिंगमध्ये त्या प्रत्येक थांब्यात कीबोर्ड होता. लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरी आत येताना वाजतो तसला.

"बाई, मधी आवाज न्हाय म्हटल्यावर लोकं पुढचं गाणं लावत्यात," निपाणीकर म्हणाला.

"लावू देत. ज्याला दम नाही त्याने ऐकू नये."

"कानाला बरं लागतंय की," मास्तर म्हणाले. "जरा भरल्यासारखं वाटतं."

मास्तरांवर चिडून उपयोग नव्हता, ते शाळेच्या स्नेहसंमेलनातही सगळं भरल्यासारखंच करायचे. मला राग आला तो भावाचा. "अरे, तू मागावर वाढलास. तुला तरी कळायला नको?"

"आक्का, आता धागा तुटला की माग आपणच थांबतोय. मी मोबाईल बघत असतो. तुझं ते गाठीचं कौतुक मला सांगू नको गं."

"मग इथं कशाला बसलायस?"

"चहा सांगायला," तो म्हणाला आणि खरंच उठून गेला.

मी निपाणीकराला विचारलं, हे भरायला कुणी सांगितलं? तो जरा घुटमळला. "अण्णांनीच. म्हणाले, मोकळं काय ठेवू नको."

मूळ आवाज, कीबोर्ड घालण्यापूर्वीचा, त्याच्याकडे होता. तो मी माझ्या फोनवर घेतला आणि स्कूटर काढली.

काकतीपर्यंतच्या रस्त्यावर मी मनात अण्णांशी भांडत होते आणि भांडणात त्यांचं सगळं गाणं काढत होते. मी त्यांची जुनी चाहती आहे, म्हणून मला सगळं चांगलं म्हणता येत नाही. मागावरची गाणी खरी. सदलग्याकडून आलेल्या सुनेला सासू कानडीत शिव्या देते आणि सून त्या शिव्यांचा अर्थ नवऱ्याला विचारते, असं एक गाणं आहे. त्याला हसून हसून आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मागाच्या जळालेल्या मोटारीचं गाणं आहे, त्यात एकाही माणसाचा उल्लेख नाही, तरी अख्खं घर दिसतं. तंबाखूच्या वखारीत शिंकणाऱ्या बायकांचं आहे. पण पुढे बोलावणी वाढली आणि अण्णा मागणीप्रमाणे गाणी पुरवायला लागले. साखर कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस. निवडणुकीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन उमेदवारांना एकच चाल, फक्त नावं वेगळी. म्हातारपणी भजनं, ती कुणीही लिहिली असती. त्या सगळ्या पडत्या वर्षांत एक गोष्ट टिकली होती, तो थांबा. चेअरमनच्या गाण्यातसुद्धा ते गाठ मारायला थांबत आणि चेअरमन बावरून इकडेतिकडे बघत. आणि आता तीही गोष्ट त्यांनी कीबोर्डला देऊन टाकली.

ते अंगणात खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. मला बघून म्हणाले, "कार्यवाह आल्या. आता काय खरं न्हाय."

"थांबे भरायला तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. मग?"

"आम्हाला विचारायचं तरी."

"गाणं माझं. तुला कशाला इचारू?"

"तुमचं गाणं असतं तर एवढी वर्षं आम्ही गप्प कशाला बसलो असतो? तो थांबा तुम्ही एकटे धरत होता का? आम्ही धरत होतो."

ते हसले नाहीत. हातातली शेंग त्यांनी सुपात टाकली. "तिथं आता काय ऐकू येतंय ठावं हाय तुला? धाप. छातीत शिट्टी वाजतीया. माणसं गप बसायची ती गाठ मारून होईस्तोवर. आता म्हाताऱ्याची शिट्टी ऐकाय गप बसायची व्हय?"

मी फोन काढला आणि मूळ आवाज लावला. सुनेचं गाणं होतं. थांबा आला. शिट्टी होती, ते खोटं बोलत नव्हते. बारीक, ओढून घेतलेली, आणि तिच्या मागे ओठ पुन्हा मिटल्याचा आवाज. मग राहिलेला शब्द आला, आणि तो असा आला की तो येईल असं मला वाटलंच नव्हतं. चेअरमन, उमेदवार, भजनं, सगळ्यांनंतर इतकं खरं त्यांनी काही गायलेलं नव्हतं.

"हे चांगलं आहे," मी म्हटलं. रागातच म्हटलं.

"तुला चांगलं. दुसऱ्या घरात ऐकतील ते म्हणतील, बिचारा. मला बिचारा म्हटलेलं चालायचं न्हाय. चोर म्हणा, भाट म्हणा. चेअरमनची गाणी गाताना तूच म्हणालतीस की भाट."

"म्हणाले होते. अजूनही म्हणते."

"म्हण. ते मला सोसतंय." त्यांना जरा खोकला आला, मी पाणी आणायला वळले तसा हात करून त्यांनी मला थांबवलं. "पर हे गाणं हातातनं निसटलेलं लोकांनी बघू ने. कीबोर्ड असू दे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"कार्यवाह तू हाईस. माझं सांगून झालं. शेंगा खातीस का?"

मी शेंगा खाल्ल्या नाहीत. परतीच्या वाटेत राणी चन्नम्माच्या पुतळ्यापाशी स्कूटर उभी करून मी त्यांना मनात पुन्हा सगळं सुनावलं: माणूस एकदा लोकांचा झाला की त्याने आपली लाज आपल्यापुरती ठेवू नये, वगैरे. ते सगळं बरोबर होतं. पण छाती त्यांची आहे आणि ती शिट्टी प्रत्येक घरात वाजणार आहे, हेही बरोबर होतं, आणि याचा मला सर्वांत जास्त राग आला.

हॉल ठरला आहे. मंडपवाल्याला सांगितलं आहे. शाली आणल्या आहेत, हारवाला शहापूरचा. पत्रिका मराठी आणि कानडी दोन्हींत छापून झाल्या. मास्तर रोज फोन करतात. निपाणीकर वाट बघतो आहे. दोन्हींपैकी कोणतं रेकॉर्डिंग पुढे पाठवायचं, हे त्याला कळवायचं अजून राहिलं आहे.