मामांना न विचारता

मी धाराशिवला आले ती तीन महिन्यांसाठी. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि सासरे न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. नवऱ्याला पुण्यातून इतकी रजा मिळणार नव्हती. माझं काम सॉफ्टवेअरचं, ते कुठूनही होईल, असं घरात ठरलं. कंपनीला ते दोन महिन्यांतच पटेनासं झालं. नोकरी सुटली, सासरे वॉकर धरून चालायला लागले, आणि मी तिथंच राहिले. नवरा एक शनिवार सोडून यायचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. निजामाच्या काळातले उर्दू कागद मराठीत करून देणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जमिनीचा दावा उभा राहिला की वकील जुनी कागदपत्रं त्यांच्याकडं पाठवतात. ती लिपी आणि ते महसुली शब्द, दोन्ही जाणणारं माणूस आता सहसा मिळत नाही. मला ती लिपी येत नाही. सकाळी ते कागद वाचायचे आणि मी ऐकलेलं जसंच्या तसं देवनागरीत टाइप करायची. दुपारी त्याचं मराठी करायला बसले की दर दोन ओळींना अडायची.

मामांच्या कॉटपासून माझं टेबल पाच पावलांवर. मुंतखब म्हणजे काय विचारलं, तर इनामाच्या हक्काचा सरकारी उतारा, एवढं सांगायला त्यांना अर्धा तास लागे. तो उतारा कुठल्या गावात कणगीमागं सापडला, त्यावरून कोणते भाऊ बोलेनासे झाले, सगळं यायचं. त्यांची एक शब्दांची वही होती. मी ती मागितली तेव्हा म्हणाले, "वही कशाला पायजे? मी हाय की इथं. मला विचार." खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. ती बघत मी ऐकत राहायची.

मग मी एक सोय करायला घेतली. मी ज्या एडिटरमध्ये टाइप करते त्यात आपल्याला हवी ती कळ स्वतः लिहून जोडता येते. शब्दावर कर्सर ठेवायचा, कळ दाबायची, की खाली छोट्या चौकटीत अर्थ यावा. अर्थ कुठून आणायचे? तयार उर्दू कोशात हे शब्द निम्मेच, तेही दरबारी अर्थाचे. म्हणून मामा सांगत तेच मी त्यांच्या नकळत एका फाइलमध्ये उतरवू लागले. मान डोलवत ऐकायची आणि बोटं चालू ठेवायची. त्यांना वाटायचं, मी कागदच टाइप करतेय.

पहिली अडचण आली प्रत्ययांची. फाइलमध्ये 'पट्टेदार' असायचा आणि कागदात 'पट्टेदारों'. चौकट रिकामी यायची. तेव्हा शब्द सापडत नाही तोवर शेवटून एकेक अक्षर कापत जावं, असं मी लिहिलं. ते चाललं. सहा महिन्यांत फाइल इतकी भरली, की एका दुपारी मी अख्खा कागद मामांना एकदाही न विचारता पुरा केला. हे असंच चाललं, तर कुणीही टायपिस्ट इथं बसू शकेल आणि मी पुण्याला जाऊ शकेन, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

चार-पाच दिवस गेल्यावर मामा मधूनच, कुणी न विचारता, एखाद्या शब्दाबद्दल सांगायला लागायचे. मी हं हं करत कळ दाबत राहायची.

लोहाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या दाव्याचा कागद होता. त्यांच्या सासऱ्यांचं नाव जुन्या उताऱ्यात शिकमीदार म्हणून लागलेलं. मराठी तर्जुमा मी वकिलांकडं पाठवून दिला आणि एक प्रत मामांच्या उशाशी ठेवली. चहा घेता घेता त्यांनी ती वाचली आणि कप खाली ठेवला.

"कूळ कुणी लिहिलं इथं?"

मी जाऊन पाहिलं. फाइलमध्ये शिकमीदार नव्हता. 'असामी शिकमी' सांगताना मामा नुसतं 'शिकमी' म्हणाले होते, म्हणजे खंडानं जमीन कसणारं कूळ. तेवढंच मी लिहून घेतलेलं. यंत्रानं 'शिकमीदार'मधली अक्षरं कापत कापत 'शिकमी' गाठलं आणि तोच अर्थ पुढं केला.

"शिकमीदार म्हणजे पट्टेदाराच्या बरोबरीचा हक्कदार," मामा म्हणाले. "त्या बाईला तू तिच्याच घरात भाडेकरू केलंस."

दुरुस्त केलेलं पान घेऊन मी रिक्षानं कोर्टात गेले. वकील एका पायरीवर बसून पानं लावत होते. कागद अजून दाखल झाला नव्हता. त्या बाई शेजारीच होत्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. काय चुकलं ते वकिलांनी त्यांना समजावलं. बाईंनी मला एवढंच विचारलं, "आता बराबर हाय न्हवं?" मी हो म्हटलं.

मामा खुर्चीत बसले होते. "कवापासून विचारणं बंद केलंस?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. ते कितीतरी वेळ वाचत राहिले. अर्थांमध्ये त्यांचीच वाक्यं होती, कणगीसुद्धा. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, शब्द कुठल्या तालुक्याच्या, कुठल्या प्रकारच्या कागदात आला तेही दिसलं पाहिजे, आणि तुकडा कापून काढलेला अर्थ वेगळ्या रंगात यावा. त्यांचं बरोबर होतं. मी तसं केलं. तालुक्यांप्रमाणे शब्दसंग्रह वेगळे केले, कोणता आधी बघायचा ते निवडता येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीखालची वही काढली. आता पूर्ण वही फाइलमध्ये भरायची होती. नवरा फोनवर विचारायचा, किती पानं राहिली. पानं कमीच होत नव्हती. एका शब्दातून मामा आणखी तीन काढायचे. अकराव्या पानावर तीन आठवडे गेले, तेव्हा मी म्हटलं, "मामा, मला पुण्याला जायचंय."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हे संपलं की तू जाणार. म्हणून तर सावकाश सांगायलोय."

मी पुढचा शब्द विचारला.

शेवटी नवऱ्यानं मध्ये पडून महिन्यातले आठ दिवस मी पुण्याला राहायचं ठरवलं. तेवढे दिवस जवळच राहणाऱ्या एक टायपिस्ट बाई यायच्या. मी त्यांना कळ शिकवली, संग्रह कसा निवडायचा ते दाखवलं. पहिल्यांदा निघाले तेव्हा एसटी बार्शीच्या पुढं गेली असेल, त्यांचा फोन आला. चौकट रिकामी येत होती, आणि मामा म्हणत होते, सुनेलाच विचारा.

लॅपटॉप मांडीवर उघडून शोधलं. शब्द नव्या संग्रहात होता, तो त्यांनी निवडलाच नव्हता. मी अर्थ वाचून दाखवला. त्या तो मोठ्यानं म्हणत टाइप करू लागल्या, आणि त्यांच्या मागून मामांचा आवाज आला, "अर्धाच सांगितला तिनं. मला द्या फोन."