शांतारामकाकांना राजा व्हायचं होतं

शांताराम पिंपळखरे चौतीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटकाला म्हातारा नोकर हवा असला की सगळे त्यांच्याकडेच बघत. सव्वीस वर्षांत भोपाळच्या मराठी माणसांनी काकांचं टक्कल मनसोक्त पाहिलं, चेहरा कोणी पाहिला नाही. काकांना मात्र एकदा तरी राजा व्हायचं होतं. यंदा नाटकात राजा होता आणि काका सदुसष्टचे झाले होते. आता नाही तर कधीच नाही.

म्हणून ते हबीबगंजहून एम. पी. नगरला जाऊ लागले. तिथे एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर जुई नावाची मुलगी एकेकाला समोर घेऊन उठणं, बसणं, चालणं शिकवायची. पहिल्या दिवशी पाऊण तास काका खुर्चीतून नुसते उठले आणि बसले.

"हे मला येतं," काका म्हणाले.

"येतं ना. पण उठायच्या आधी तुमची मान आखडते, ते बघा," जुई म्हणाली. "सरळ व्हायची कोशिश नका करू, काका. फक्त वाकणं सोडा."

घरी बायकोने, सिंधूकाकूंनी, कपाळाला हात लावला. "खुर्चीतून उठायला शिकता? अहो, लोक हसतील."

काकांनी मनावर घेतलं होतं. भाजी आणायला सांगितली की ते दाराशी उभे राहून आधी मान सैल सोडत. तोवर जवाहर चौकातली चांगली भाजी संपलेली असे. चार महिन्यांत मान वर आली. पंख्यावरची धूळ दिसू लागली. हे त्यांनी घरात बोलून दाखवलं, ती चूकच झाली, कारण फडकं त्यांच्याच हातात आलं.

तालमीला ते ताठ गेले. दिग्दर्शक नितीन खूश झाला. "एकदम बढिया दिसताय, काका. पण राजा तो दिलीप आहे, त्याच्या मिशा स्वतःच्या आहेत. आणि तुम्ही सरळ झालात तर मी नोकर कुठून आणू?"

काकांना मंडळाला नाही म्हणायची सवय नव्हती.

प्रयोगाच्या वेळी विंगेत त्यांनी वाकून पाहिलं. जमेना. मान आखडली की लगेच लक्षात येई आणि ती आपोआप सुटे. शेवटी तबक घेऊन नोकर रंगमंचावर आला तो राजापेक्षा वीतभर उंच. दिलीप आपलं वाक्य विसरला. "झुको, काका, झुको," नितीन विंगेतून कुजबुजत राहिला. लोक हसू लागले.

काकांनी पहिल्यांदाच समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत सिंधूकाकू होत्या आणि त्या हसत नव्हत्या. "आज्ञा, महाराज," काका म्हणाले, तेव्हा काकूंचेही ओठ हलले. पुढचं वाक्य तर काकांच्या आधी त्यांच्या ओठांवर आलं. नोकराची नऊच्या नऊ वाक्यं बाईंना पाठ होती. दरवर्षीच असणार, आणि काका सव्वीस वर्षं जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नितीनला फोन केला. पुढच्या वर्षीही नोकरच दे, म्हणाले, फक्त वाक्यं थोडी वाढव.