मानेत बसायची चकती

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. वहिनी करवतीसमोर बसल्या आहेत. अस्थिपेढीत त्यांना सगळे वहिनीच म्हणतात. तोंडावर मास्क, हातांत दुहेरी मोजे आणि पुढ्यात कुणा मृत दात्याच्या पायाचं हाड: नडगीशेजारचं, बोटाएवढं जाड. करवत फिरते तशा त्याच्या चकत्या पडतात, मधे पोकळ, कडेला पांढऱ्या. स्वच्छ करून, गोठवून सुकवून, किरणांनी निर्जंतुक करून त्या डब्यांत जातात. मानेचे दोन मणके जोडायचे असले की मधली झिजलेली गादी काढून तिथे अशी चकती बसवतात. मग रुग्णाचं हाड हळूहळू तिच्यात शिरतं आणि तिची जागा घेतं.

"म्हणजे तिला खातंच की!" कुणीतरी नातेवाईक दचकतो.

"त्यात कुणी नसतं हो," वहिनी सांगतात. इतकी वर्षं हेच सांगत आल्या आहेत.

आता त्यांचीच मान गेली आहे. उजवा हात बधिर होतो, चिमट्यातून चकती निसटते. सर्जनने दोन वाटा दाखवल्या: स्वतःच्या कमरेचं हाड किंवा पेढीतलं. कमरेची जखम पुढे कित्येक महिने ठणकू शकते. वहिनींनी पेढीतलं निवडलं.

पण तीन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा वारला, तेव्हा अस्थिदानाला होकार त्यांनीच दिला होता. त्या रजेवर होत्या आणि नवऱ्याच्या हाडासाठी करवतीवर सहकारी बसला. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मात्र काही डब्या हाताळताना त्याची बडबड अजूनही मधेच थांबते.

नवऱ्याची एक खोड होती. मागून गुपचूप यायचं आणि मानेवर गार बोट टेकवायचं. वहिनींचा बधिरपणा नेमका तिथूनच हातात उतरतो. सर्जन म्हणतो, नस दबली आहे.

"आई, मानगुटीवर बसणारी भुतं ऐकली होती," लेक म्हणाली. "तू तर आतच जागा करून देतेयस."

"अगं, संसारभर तिथेच तर होते. आता निदान घोरणार तरी नाहीत."

लेक हसली नाही.

दुपारी सहकाऱ्याने कपाट उघडलं. रुग्णालयाने दोन चकत्या मागवल्या होत्या, एक वहिनींसाठी.

"वहिनी, तुमच्या मापाच्या बऱ्याच आहेत."

"मग दे की कुठलीही."

"कुठलीही?" त्याने मागे वळून पाहिलं नाही. "त्यांची घेऊ, की टाळू?"

वहिनींचा हात मानेकडे गेला. तिथे गार लागत होतं. खोली बंद होती, पंखाही.

"टाळ."

त्याच्या हातात एक डबी आधीच होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि शेजारची उचलली.

"आणि ती?"

"दुसऱ्या पेशंटला. माप तेच आहे."

"बाई की पुरुष?"

"ते आपल्याला कुठे कळवतात, वहिनी?"

त्याने दोन्ही डब्या एकाच पेटीत ठेवल्या. डबीवर पेशंटचं नाव नसतं, फक्त माप आणि क्रमांक. उद्या सकाळी सात वाजता गाडी ती पेटी घेऊन जाईल. रुग्णालयात उद्या मानेच्या दोनच शस्त्रक्रिया आहेत. वहिनींची पहिली.