वाचणारी जिजी

जिजी गोष्ट कधी पुरी करत नसे. म्हातारी विहिरीत डोकावते आहे, आत कोण हुंकार देतंय ते आता कळणार, आणि नेमकं तिथंच ती पुस्तक आमच्याकडे सरकवायची. "माझी भाकर करपंल. पुढचं तुमी बघा." आणि खरंच उठून चुलीकडे जायची. मागे आम्ही पाच-सहा पोरं त्या पानावर तुटून पडायचो. कुणाला एक अक्षर यायचं, कुणाला दुसरं. सगळ्यांची मिळून एक ओळ व्हायची. तिकडे चुलीपुढं बसून जिजी कान देऊन ऐकत असायची, हे मला फार उशिरा उमगलं.

लिंबागणेशला, देवळामागच्या आळीत आमचं आणि जिजीचं घर भिंतीला भिंत लागून. आमचा मुलूख मोगलाईतला, निजामाचा. शाळेत उर्दू चालायचं. मुलगे अलिफ-बे घोकत घरी यायचे आणि घरात ते कुणालाच कळायचं नाही. मुलींना तर शाळेची वाटच नव्हती. जिजीचं लहानपण मात्र नगरला, मामाकडे गेलेलं. तो इंग्रजी मुलूख. तिथल्या मुलींच्या शाळेत ती मराठी वाचायला शिकली. तिचा थोरला भाऊ अण्णा कापसाच्या गाड्या घेऊन नगरला जाई, आणि येताना बहिणीसाठी एखादं पुस्तक आणी. पुठ्ठा निखळलेलं, पानं सुटलेलं, पण आणी.

त्या पुस्तकांना आम्ही हात लावायचा नाही, असं ती कधी म्हणाली नाही. माझा धाकटा भाऊ सोपान तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता. एकदा त्यानं पानाचा कोपराच तोंडात घातला. मी त्याच्या पाठीत धपाटा घालणार तोच जिजीनं माझा हात धरला. "चाखू दे की, ठके. आज कोपरा खातंय, उद्या पान वाचंल."

चुकलं म्हणून तिनं कुणाला मारलं नाही. 'म्हातारीनं भात खाल्ला' हे मी एकदा 'म्हातारीनं हात खाल्ला' असं वाचलं. जिजीनं गंभीरपणे विचारलं, "हात खाल्ला? मग वाढलं कशानं?" पोरं हसून लोळली. मी चिडून पुन्हा पानात डोकं घातलं, अन् ते अक्षर जे ओळखलं ते कायमचं. तिचे आवाज तर काय सांगावेत! कोल्हा बोलला की तिचे डोळे बारीक व्हायचे, वाघ बोलला की ओसरीवरची मांजर उठून जायची.

पण जिजी माहेरी का राहते, हे आळीत कुणी उघड बोलत नव्हतं. ती टाकलेली होती. ते आम्हाला कळलं ते कड्याची एक बाई चतुर्थीला देवाला आली तेव्हा. विहिरीवर पाणी शेंदता शेंदता तिनं सगळं सांगितलं. कडा हे जिजीचं सासर. तिथं ती चुलीपुढं बसून वाचायची, दूध उतू जायचं. सासू बोलायची, ही ऐकून घ्यायची. मग तिचं पहिलं लेकरू जन्मल्यावर सटवीच्या आठवड्यातच गेलं. तेव्हा सासूनं गावभर केलं, "वाचणारीचं लेकरू वाचत न्हाई." नवऱ्यानं तिला गाडीत घालून अण्णाच्या दारात सोडलं आणि दुसरी केली.

त्या दिवसापासून ओसरीवरची पोरं एकेक करून कमी झाली. कुणी जिजीशी भांडलं नाही. आया आपल्या पोरांना शेण गोळा करायला, वासरं राखायला पाठवू लागल्या, एवढंच. माझ्या आईनंही मला बजावलं, "तिकडं जायचं न्हाई."

"कावून?"

"न्हाई म्हनलं ना!"

मग सोपानला गोवर निघाला. अंग तव्यासारखं तापलेलं, दूध ओठांना लावू देईना. ऐन दुपारी तो एकच धरून बसला, "जिजी... कोल्हा... जिजी..." आई त्याच्याकडे बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती तडक शेजारी गेली. मीही मागोमाग गेले. जिजी तांदूळ निवडत होती.

"जिजी, चला. लेकरू तुमाला हाका मारतंय."

जिजी जागची हलली नाही. "वैनी, मी आले आन् त्याला काय झालं तर?"

आई दारातच खाली बसली. म्हणाली, "मला बी त्याचंच भ्या वाटतंय. तरी चला."

जिजी आली. सोपानच्या उशाशी बसून तिनं कोल्ह्याची गोष्ट वाचली, आणि त्या दिवशी ती मधे थांबली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. पान आईनं धरलं होतं. संध्याकाळी सोपाननं चार घोट दूध घेतलं. गोवर आपल्या वेळेनं मावळला.

पोरं पुन्हा ओसरीवर जमू लागली, तोच कड्याहून माणूस आला. नवऱ्याची दुसरी बायको वारली होती. मागे एक मुलगी आणि एक रांगतं पोर. जिजीला न्यायला गाडी पाठवली होती. निरोप एवढाच, की पुस्तकं तिकडे आणायची नाहीत. अण्णा म्हणाला, "सासर ते सासर, जिजे. माझ्यामागं तुला कोन बघनार?" पुस्तकांचं गाठोडं तिनं माझ्या आईच्या हातात ठेवलं. आई म्हणाली, "अहो, मला कुठं वाचता येतं?" जिजी म्हणाली, "तुमी नुसतं ऐकत बसा, वैनी. पोरं वाचत्यात." गाडीत बसताना तिनं आम्हा पोरांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली. त्यात जिजी गेल्याचं आम्हाला बाजारकऱ्यांकडून कळलं, तेव्हा तिची राख कधीच निवली होती. आई दिवसभर चुलीपुढं बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आळीतल्या पोरांना आमच्या ओसरीवर बोलावलं, गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "वाचा." स्वतः वाती वळत ऐकत बसली. शेजारणींनी तिला जिजीच्या सासूची तीच जुनी म्हण ऐकवली. आईनं मान वर न करता सांगितलं, "माझी दोनी वाचत्यात."

पुढं माझं लग्न आष्टीकडं झालं. कडा तिथून जवळ. एकदा बाजाराला गेलते, तेव्हा विचारत विचारत जिजीचं घर गाठलं. दारात बाजेवर एक म्हातारा बसला होता. तोच तिचा नवरा. लिंबागणेशची म्हटल्यावर त्यानं आत ओरडून पाणी मागवलं.

"लई गरीब बाई व्हती," तो म्हणाला. "माझी पोरं तिनंच सांभाळली, जगली तवर. पर बोलायचीच न्हाई बघा. तिचा आवाज कसा व्हता, ते बी आता आठवत न्हाई."

मी विचारलं, "पोरांना गोष्टी सांगायच्या का त्या?"

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "गोष्टी? तिला कुठल्या येत व्हत्या गोष्टी?"

अण्णाच्या ओसरीवर वाघाच्या आवाजात गरजणारी बाई या माणसाला सांगावी कशी? त्याची मुलगी कुठं दिली आहे, एवढं मी विचारून घेतलं. "पालीला दिलीया," तो म्हणाला. 

पालीला जायचं माझ्या मनात किती वर्षं आहे. बाप शेतावर गेला की जिजी त्या पोरीला जवळ घेऊन काही सांगत असेल, असं मी धरून चालते. पण निघायचं ठरवलं की पाय अडतो. तीही बापासारखंच म्हणाली तर?