शिडीवरच्या पाच वेण्या

वडील जहाजावर नोकरीला होते. मी सातवीत असताना त्यांनी सिंगापूरहून हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला. छोट्याशा पडद्यावर एक सावलीसारखा काळा माणूस शिडी चढायचा, वरून दगड पडायचे आणि माथ्यावरच्या खिडकीत एक बाई हात हलवत असायची. मी ओटीवर बसून खेळायचो, धाकटी बहीण खांद्यावरून बघायची.

"दादा, चढणारी बाई कुठाय?"

"नसते. बाईला सोडवायचं असतं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, तर गेमच्या काचेवर पाच बारीक वेण्या! वडील ज्या पेनाने ट्रंकेवर नाव घालायचे, त्याच पेनाने काढलेल्या. तो माणूस शिडीवर पाचच जागी उमटायचा. तिने प्रत्येक जागी त्याचं डोकं हेरून मागे वेणी सोडली होती. बटण दाबलं की तो वेणीपाशी जाई आणि त्याची मुलगी होई.

मला संताप आला. रॉकेलच्या बोळ्याने सगळ्या पुसून टाकल्या. ती रडली नाही, संध्याकाळी पुन्हा काढून बसली. मी परत बोळा उचलला तेव्हा आई म्हणाली, "राहू दे की रे. तुझं काय अडतंय त्यात?"

मी बोळा खाली ठेवला.

मे महिन्यात देवरूखच्या तिघी मावसबहिणी आल्या. दिवाळीत त्यांनी गेमला हातही लावला नव्हता. आता ओटीवर रांग. "चढ गो बाय, दगड आला!" असा कल्ला. सगळ्यांत धाकटीने विचारलं, "वर खिडकीत कोण?"

"हिची बहीण," आमची म्हणाली.

मीही गुपचूप रांगेत उभा राहिलो.

वडील सुट्टीवर आले, त्यांनी गेम उजेडात धरून निरखला. "हे कोणी केलं?"

बहीण आईमागे सरकली. मी म्हटलं, "हिने. पण गेम चांगला चालतोय."

वडील हसले. "मुलगी चढते असा गेम मिळतो का, विचारतो दुकानात."

विचारलंही त्यांनी. शाळा सुरू झाल्यावर सिंगापूरहून त्यांचं बहिणीच्या नावाने पत्र आलं, तिचं पहिलंच. दुकानदाराकडे तसा गेम नव्हता.

तिने पत्र दोनदा वाचलं. "दादा, असे गेम बनवायला काय शिकावं लागतं?"

"उद्या विज्ञानाच्या बाईंना विचारू," मी म्हणालो. सकाळी ती माझ्याआधी दप्तर घेऊन दारात उभी होती.