वैजयंतीची दुसरी तारीख

भवानी पेठेतल्या त्या गल्लीत लोक वैजयंतीला दबकून असत. सातवी शिकलेली बाई, पण तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवता शिवता माहिती अधिकाराचा कायदा एकटीनं वाचून काढलेली. आता साठीला टेकली होती. घरात शिलाई मशीन, जुना कॉम्प्युटर आणि ती. बोलायला कुणी नव्हतं, आणि तिनं भांडून कुणाला ठेवलंही नव्हतं.

गल्लीत पाणी कधी सोडलं याची नोंदवही तिनं तीन वर्षांपूर्वी मागितली. पाणीपुरवठा खात्यानं दिली नाही. अपील वर गेलं, सुनावणी लागली, तीही कॉम्प्युटरवर. तीन महिन्यांपूर्वी सुनावणीची नोटीस येताच खात्याच्या साहेबांनी सगळं गल्लीत पाणी सोडायचा व्हॉल्व फिरवणाऱ्या जोतीरामवर ढकललं. जोतीराम समोरच्या सोजरबाईंचा मुलगा. गल्ली एवढी अरुंद की वीस वर्षं दोघी खिडकीतून खिडकीत चटणीची वाटी देत. सोजरबाईंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. सकाळी दहाला त्या धान्य निवडायला खिडकीत बसल्या, की वैजयंती आपली खिडकी धाडकन लावून घेई. उघडायची ती संध्याकाळीच.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला नेट गेलं आणि तिच्या नावापुढं 'गैरहजर' लागलं. आज दुसरी तारीख. आजही तसंच झालं तर अपील फेटाळलं जाणार होतं. सुनावणी साडेदहाला, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर लाल फुली.

जोतीरामचंच काम, तिनं ठरवून टाकलं. केबलवाल्या चन्नवीरला फोन लावला.

"माझी वायर कोणतरी काढतंय. रोज दहालाच जाते, संध्याकाळी आपोआप येते. असं कसं?"

"ताई, मागल्या बारीला मलाच चोर म्हनलाव की तुमी."

"म्हणले. पुढं बोल."

"मागं वायर खोचल्याली हाय, तितं दिवा लागतोय का?"

"नाही."

"काढून परत खोचा. टक् वाजलं पायजे."

वाजलं. दिवा लागला नाही.

"मग वायर धरून मागं मागं जावा. कुटं दबली, कुटं उंदरानं खाल्ली ते बघा. माज्याकडनं समदं चालू हाय."

टेबलामागून, मशीनखालून, भिंतीच्या कडेनं वायर खिडकीपाशी गेली. झडप आणि चौकटीच्या मधे ती चेपून चपटी झाली होती. वैजयंतीनं झडप जरा ढकलली. मागं हिरवा दिवा लुकलुकला. ओढून घेतली, विझला. तीन महिने रोज दहाला ती आपल्याच हातानं आपली वायर चेंगरत होती.

"सापडलं का ताई? कोन हुतं?"

तिनं फोन ठेवला आणि खिडकी सताड उघडली. चार हातांवर सोजरबाई तांदूळ निवडत होत्या. आता इथलं सगळं तिकडं ऐकू जाणार होतं.

सुनावणीत खात्याचे साहेब म्हणाले, "संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई प्रस्तावित आहे."

"मला माणूस नको, वही पाहिजे," वैजयंतीचा आवाज चढला. "वरून फोन येतो तेव्हा जोतीराम व्हॉल्व फिरवतो. फोन कुणाचा, ते वहीत आहे. त्याला पुढं करून वही लपवू नका."

नेट टिकलं. पंधरा दिवसांत नोंदवहीची प्रत द्या, असा आदेश झाला.

तिनं समोर पाहिलं. सोजरबाईंचे हात सुपात थांबले होते. 'अक्का' म्हणून हाक वैजयंतीच्या तोंडाशी आली होती, पण आधी कुणी बोलायचं हा प्रश्न होता. सोजरबाईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या.

वैजयंतीनं कागदावर उतरवून घेतलेला आदेश समोरच्या रिकाम्या खिडकीकडं तोंड करून मोठ्यानं वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.