आजींचा ‘मिख्ट’

इथे परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरात, आमच्या कुंपणापलीकडे एक स्कॉटिश वंशाच्या आजी एकट्या राहायच्या. दूध उतू गेलं की ‘मिख्टी मी’ म्हणायच्या, म्हणजे ‘अरे देवा’सारखंच काहीतरी. जुन्या स्कॉट्स भाषेत ‘मिख्ट’ म्हणजे सामर्थ्य, तेही देवाचं म्हणून घेतलेलं, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या घरी हा शब्द फक्त प्रार्थनेत यायचा. पुढे झिजत झिजत तो स्वयंपाकघरात आला. आजींना याचं वाईट वाटायचं, आणि स्वतः मात्र उठता-बसता तेच म्हणायच्या.

मी त्यांना त्यावरून चिडवायचे. आम्ही बौद्ध. लहानपणी ठेच लागून तोंडून ‘अरे देवा’ निघालं, तर पप्पा आधी शब्द दुरुस्त करायचे, मग अंगठा बघायचे. ज्याच्या नावाने आपल्या माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, त्याला हाक कशाला मारायची, असं त्यांचं सरळ म्हणणं. माझंही तेच आहे.

यंदा हिवाळ्यात आजींनी अंथरूण धरलं. एका दुपारी नर्स सांगून गेली की आता फार वेळ नाही. मुलगा पर्थहून निघाला होता, पण तो पोचेपर्यंत सकाळ होणार होती.

त्यांच्या घरची एक रीत होती. जाणाऱ्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून जवळच्या कुणीतरी म्हणायचं, ‘देवाचा मिख्ट तुला सांभाळो.’ आजींनी ते आईसाठी म्हटलं होतं, नवऱ्यासाठीही. आता त्यांनी माझा हात धरला.

“तू म्हणशील?”

“मी तुमच्या चर्चमधून कुणाला तरी बोलावते.”

“ते मला ओळखत नाहीत.”

“आजी, मी देव मानत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि हात सोडला नाही.

मला त्यांचा रागच आला. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हटलं तर मी खोटं बोलणार, आणि खोटं न बोलण्याचं शील तर मी घेतलेलं. न म्हटलं तर त्या ते न ऐकताच जाणार.

शेवटी कपाळावर हात ठेवला. कपाळ गार लागलं. त्यांच्याकडून ऐकलेलं ते वाक्य म्हटलं, ‘मिख्ट’पाशी अडखळले. आजींनी डोळे मिटले होते.

“पुन्हा एकदा,” त्या म्हणाल्या.

या वेळी अडखळले नाही. आजींना कुणीतरी सांभाळावं, असं मी खरोखर मागत होते. कुणाकडे, ते मला अजून सांगता येत नाही.